मित्रांना कळवा

दवाखान्याच्या वेबसाइटवरचं ते निळं बटण धाकटीनंच बसवलं होतं. नवा पासवर्ड लक्षात ठेवायची कटकट नको; सोशल मीडियाच्या खात्यावरूनच आत यायचं आणि तपासणीची वेळ घ्यायची. खाली एक चौकोन, ‘मित्रांना कळवा’. काम करून बघताना दरवेळी कुठे टिचकी मारायची, म्हणून तिनं त्यात बरोबरची खूण आधीच करून ठेवली होती. काम सोपवताना ती काढायची राहिली.

तिच्या ऑफिसातल्या साहेबांच्या ते लक्षात आलं. "राहू दे की! फुकटात जाहिरात होतेय."

धाकटीनं राहू दिली. तिचं काय जात होतं?

बुधवारी ऑफिसात जेवताना तिनं मोबाईल उघडला, तर सगळ्यात वर ताई. लग्नातला हसरा फोटो आणि शेजारी: ‘यांनी स्तनातील गाठीच्या तपासणीसाठी शुक्रवारची वेळ घेतली. तुम्हीही घ्या!’

खाली चौतीस अंगठे. चुलतभावानं ‘हार्दिक अभिनंदन’ ठोकलेलं. मेल्यानं नेहमीप्रमाणे न वाचताच. ताईच्या जुन्या शेजाऱ्यानं गुलाबाचं फूल टाकून विचारलं होतं, ‘कुठल्या बाजूला?’

धाकटीच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. पाल अंगावर पडावी तशी शिसारी आली तिला. त्या गुलाबाची आली, आणि स्वतःच्या बोटांचीही.

तिनं ताईला फोन लावला.

"ताई, त्या चौकोनातली खूण काढली नाहीस?"

"कसला चौकोन? मी आपली पुढे, पुढे दाबत गेले. का गं?"

धाकटीनं सांगितलं. पलीकडचा मिक्सर थांबला.

"पोरीची परीक्षा चाललीय," ताई म्हणाली. "शेवटचा पेपर गुरुवारी, म्हणून तर मी शुक्रवार घेतला. तुलासुद्धा बोलले नाही."

"ते बटण मी बसवलंय, ताई."

"तू?" आणि मग, "आधी ते पुसायचं कसं ते सांग. शिव्या नंतर देते."

ताईची पोस्ट ताईलाच काढावी लागणार होती. धाकटी एकेक पायरी सांगत गेली, ताई चष्मा शोधत, चुकत, पुन्हा पहिल्यापासून करत गेली. पोस्ट पुसली गेली. धाकटी तशीच खरकट्या हातानं कॉम्प्युटरपुढे बसली आणि तिनं वेबसाइटवरचा तो चौकोनच उपटून टाकला.

साहेब धावत आले. "अगं, काय केलंस? दोन दिवसांत अठरा जणींनी वेळ घेतली! डॉक्टर खूश आहेत!"

"अठरा जणींची दुखणी आपण चव्हाट्यावर टांगली, साहेब."

"आपण कुठे? त्यांनीच तर बटण दाबलं."

ती काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. भाची.

"मावशी, आई फोन उचलत नाहीये. मैत्रिणीनं मला एक स्क्रीनशॉट पाठवलाय. कुणीतरी आईची घाणेरडी थट्टा केलीय ना?"

हो म्हटलं की भागलं असतं. पोरीनं दोन शिव्या हासडल्या असत्या आणि उद्याचा पेपर धड दिला असता. धाकटीच्या ओठावर ‘हो’ आलंही. पण शुक्रवारी ते खोटं निस्तरायला लागलं असतं, आणि तेही ताईला.

"थट्टा नाही, राणी. गाठ आहे. कसली ते अजून कळलेलं नाही. मी निघालेय, घरीच येते."

"पण हे असं सगळ्यांना कुणी सांगितलं?"

साहेब समोरच उभे होते. धाकटीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मी," ती म्हणाली.