ताईबाईच्या बिबड्यांचं पाणी

ताईबाईच्या गल्लीत नळ दहा दिवसांनी यायचे. यायचे म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, शांतीलाल शेठच्या घरी यायचे. शेपटाला, ताईबाईच्या दारात, नळ नुसता फुसफुसायचा आणि गप्प व्हायचा. कारण कोणापासून लपलेलं नव्हतं. शेठच्या ओट्याखाली थेट नळाला जोडलेली मोटार होती. पालिकेचा माणूस आला की तिच्यावर गोणपाट पडायचं आणि गोणपाटावर कांदे.

ताईबाई ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, करून विकायची. बिबड्यांची ज्वारी तीन दिवस भिजवायची आणि रोज पाणी बदलायचं. नाही बदललं, तर ती अशी आंबते की गुरंही तोंड लावत नाहीत. मागच्या उन्हाळ्यात पाच पायल्या ज्वारी अशीच उकिरड्यावर गेली. यंदा तिने नळाचे दिवस मोजून ज्वारी भिजत घातली, तरी तिसऱ्या दिवशी सकाळी घरात उरला एकच हंडा. नळ आज यायचे होते. मोटारही आजच लागणार होती.

भांडून उपयोग नव्हता, दोनदा भांडून झालं होतं. शेठ हात जोडून "मोटार? आमच्याकडे?" म्हणायचे आणि पुढच्या नळाला ती पुन्हा घुरघुरायची. मग ताईबाईने डोकं चालवलं. कोपऱ्यावर गटारीसाठी खड्डा खणून ठेवलेला होताच. नाकाला पदर लावून ती शेठच्या ओट्यावर गेली. शेठची बायको सुगनबाई गहू निवडत बसली होती.

"अक्का, आज मोटार लावू नका. खड्डामा पाइप फुटना. नळले गटारना वास यी ऱ्हायना."

सुगनबाईने तिच्याकडे पाहिलं, नाकावरच्या पदराकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "अहो, आज मोटार नको. पाण्यात गटार मिसळलंय."

नऊ वाजता नळ आले. ताईबाईच्या दारात मनगटाएवढी धार पडली. तिने ड्रम भरले, हंडे भरले, कुकरसुद्धा भरला. ज्वारी चांगली तीनदा धुतली. मग अंगणही धुतलं. त्याची काही गरज नव्हती, पण तेवढी मस्ती तिला आवरली नाही.

आठवड्याने वाळलेल्या बिबड्यांची टोपली ओट्यावर आली. बायका जमल्या, पण हात कोणी लावेना. गटाराची बातमी एव्हाना गल्लीभर फिरली होती.

"ताईबाई," सुनंदाबाईने विचारलं, "ह्या बिबडा त्या गटारना पानीना शेतस का?"

ताईबाईचे कान तापले. खोटं धरून ठेवावं तर टोपली उकिरड्यावर, सोडावं तर अब्रू. तिने टोपलीकडे पाहिलं.

"पानी चांगलं व्हतं, माय. मी खोटं बोलनू."

मागून सुगनबाई पुढे आली आणि तिने स्टीलचा डबा टोपलीशेजारी ठेवला.

"मला तेव्हाच कळलं होतं. तो खड्डा आमच्या ओट्यावरून दिसतो. कोरडा ठणठणीत होता."

"मंग मोटार काब्र बंद करी, अक्का?"

"मागच्या वर्षी बिबडे मिळाले नाहीत मला," सुगनबाई म्हणाली. "डबा भर. आणि यांना काही सांगू नकोस. त्या दिवशी भरलेलं पाणी ते अजून नाक धरून अंगावर घेतात."