गाळातला आवाज

एकसष्ट सालची गोष्ट. वाशीच्या खाडीवर तेव्हा पूल नव्हता. पुतळा ओहोटीला एकटीच चिखलातले खुबे-शिंपले वेचायला गेली आणि परतताना गाळाने तिला धरलं. गुडघे गेले, मांड्या गेल्या, पाय उपसायला जावं तर कंबरही गेली. भरती चढू लागली. ओरडून घसा बसला. तेवढ्यात कानाशी कुणीतरी बोललं, "आडवी हो." ती गाळावर आडवी झाली, पाय सुटले आणि सरपटत ती काठाला लागली.

घरी येऊन तिने हे शेजारणीला सांगितलं. चूक एवढीच.

"बाईचा आवाज का बाप्याचा?" शेजारणीने विचारलं.

"बाईचाच."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, गावदेवी पुतळाशी बोलली.

तिचा धाकटा भाऊ कमळाकर पनवेलला हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. रविवारी तो आला तर बहिणीच्या ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. नारळ, उदबत्त्या, आणि तुर्भ्याची एक म्हातारी, हरवलेली म्हैस कुठे आहे ते विचारायला आलेली. त्याचं डोकं फिरलं.

"अरे, यात चमत्कार कसला? उभं राहिलं की सगळा भार पावलांवर येतो. आडवं झालं की पसरतो. कुणीही सुटेल!"

"कुनीही?" गावदेवीचा भगत देवजी म्हणाला. "मास्तर, बोलनं सोपं हाय."

झालं. कमळाकर तडक खाडीवर निघाला, मागून अख्खं गाव. बहीण रुतली तिथेच तो मुद्दाम शिरला. कंबरभर गेल्यावर ओरडला, "नीट बघा!" आणि आडवा झाला. वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला, पण सुटला. चिखलाने माखलेला काठावर येऊन म्हणाला, "पटलं?"

देवजीने हात जोडले. "पटलं. आई भावालाबी पावली."

कमळाकरने कपाळावर हात मारून घेतला.

घरामागच्या विहिरीवर पुतळा त्याच्या अंगावर पाणी ओतू लागली.

"बाय, तू तरी कबूल कर. आडवं व्हायचं, हे बाबांनी कधीतरी सांगितलं असणार. भीतीने ते आठवलं. मन असे आवाज काढतं."

"असंल."

"असंल म्हणजे?"

"असंल म्हंजी असंल!" तिने कळशी आपटली. "चिखलाचं तू सांगतोस ते खरं हाय. मी कुठं नाय म्हनते? पन मना सांगनारी कोन हुती, ह्ये तू चिखलात लोलून कसं ठरवनार? तुना आवाज आला काय?"

"नाही. कारण तिथे कुणी नव्हतंच."

"तू रुतलास तवा काठावर सगला गाव हुता. मी एकटी हुती."

तो आणखीच चिडला. "मग देवी होती म्हणतेस?"

"माझं म्हननं कुनी इचारलंय कवा? त्यांना म्हशी शोधून पायजेत. तुना मी चुकलेली पायजे. मना काय झालं, ते एकालाबी नको."

तो ओल्या अंगाने विहिरीच्या कठड्यावर बसला. "बरं. सांग."

"भ्याव गेलं," पुतळा म्हणाली. "सुटायच्या आधीच. पानी कमरंला लागलं हुतं. आता बुडलं तरी चालंल, असं वाटलं. येवढं बरं मना कंदी वाटलं नव्हतं. लग्नातबी नाय."

याला शास्त्रात काहीतरी नाव असणार. कमळाकर ते आठवू लागला. नाव सापडून तरी तिला काय सांगायचं होतं? चिडचिड गेली नव्हती. कुणावर काढावी ते कळत नव्हतं.

दिवेलागणीला देवजी चार माणसं घेऊन आला. खाडीच्या काठी देवीची छोटी घुमटी बांधायचं गावाने ठरवलं होतं.

"मास्तर, पयला नारल तुमच्या हातानं."

"मला काय विचारता? तिला विचारा," कमळाकर घरातूनच खेकसला. "झालं ते तिला झालं."

"घुमटी नको," पुतळा दारातून म्हणाली.

"देवी कोपंल, पुतले."

"कोपली तर मना सांगंल," असं म्हणून तिने दार लावलं.

कमळाकरला हसू फुटलं. तिने त्याच्याकडेही रागानेच पाहिलं आणि भाताचं आधण ठेवायला आत गेली.