चाकाची साक्ष

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. गाडीचे नव्हे, उंदराच्या पिंजऱ्यातले. हसू नका! वीस वर्षे मी एका प्रयोगशाळेत इमानाने फिरलो आणि एकही फेरी खोटी सांगितली नाही.

माझ्या आसाला एक पेन जोडलेले होते. उंदीर धावला की मी फिरे आणि पेन कागदाच्या पट्टीवर रेघा ओढी. आमच्या खोलीत कायम काळोख असे; कामापुरता एक मंद लाल दिवा, जो उंदरांना जवळजवळ दिसत नाही. दिवस उगवलेला दिसला नाही, तरी उंदराला धावायची वेळ कळते का, हे तिथे पाहायचे होते. कळते, मित्रांनो! शरीराला स्वतःचे घड्याळ असते. पिंजरे सांभाळणारे काका मला रोज तेलाचा थेंब देत, आणि संशोधक ताई आजची पट्टी कालच्या पट्टीखाली फळ्यावर चिकटवत.

मग एक करडी उंदरीण माझ्याकडे आली. इतर उंदीर रोज साधारण त्याच वेळी धावत. ही मात्र रोज कालच्यापेक्षा दोन तास आधी सुरू! फळ्यावर रेघांचा तिरका जिना तयार झाला.

प्रयोगशाळेचे मोठे सर म्हणाले, "चाक ढिलं झालंय. भंगारात टाका. आणि ती उंदरीणही काढून टाका."

"साहेब, मी रोज तेल घालतो. चाक खोटं बोलायचं नाही," काका म्हणाले.

"काका, तुम्ही तर बोलूच नका. संध्याकाळचे सात वाजले की पेंगता!"

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला भयंकर राग आला. पण चाकाने रागावून करायचे काय? फिरायचे. काही झाले तरी अडखळायचे नाही, असे मी ठरवूनच टाकले.

ताईंनी हट्टाने पंधरा दिवस मागून घेतले. माझ्यावर दुसरा उंदीर सोडला, तर रेघा सरळ एकाखाली एक आल्या. उंदरीण दुसऱ्या चाकावर गेली, तर तिथेही तिने जिनाच काढला. सरांनी मला आणि तिला ठेवून घ्यायला सांगितले.

पुढे तिला सात पिल्ले झाली. मोठी झाल्यावर चार आईसारखी धावली, तीन बापासारखी, म्हणजे रोज साधारण त्याच वेळी. खाण तशी माती! त्या चौघांच्या एका जनुकात आईकडून आलेला छोटासा बदल ताईंना सापडला. त्यांचे घड्याळ बावीस तासांतच दिवस उरकत होते.

काकांनी फळ्यावरच्या तिरक्या जिन्यावरून बोट फिरवले. "ताई, माझे वडीलही सातला झोपायचे. पहाटे तीनला उठून सगळं घर झाडायचे. जन्मभर लोकांनी त्यांना आळशी म्हटलं."

"तपासल्याशिवाय मी जनुकाचं काही सांगणार नाही," ताई म्हणाल्या. "पण तीनला उठून घर झाडणारा माणूस आळशी कसा हो, काका?"

काकांनी डोळे पुसले. त्या दिवशी त्यांनी मला दोन थेंब तेल दिले.

आता फेऱ्या मोजायला नवी यंत्रे आली आहेत. मी कपाटात गंजतो आहे. तरी कुणी फिरवलेच, तर आजही खरेच सांगेन. मित्रांनो, तुमच्या घरात कुणी लवकर पेंगत असेल, कुणाचे डोळे उशिरा उघडत असतील, तर नावे ठेवायची घाई करू नका. आधी पंधरा दिवस त्याची पट्टी बघा.