शत्रू नसलेल्या शिपायाची टोपी

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी नळावर पहिली गोळी आली, तेव्हा मी माझ्या शिपायाच्या डोक्यावर होते. मी त्याची निळी टोपी बोलतेय.

माझा जन्म कारखान्यातला, शेकडो बहिणींबरोबरचा. सगळ्या सारख्याच, गोल आणि ढगळ. त्यानं मला घरी आणलं, गरम पाण्यात बुडवलं, पिळलं आणि ओलीच डोक्यावर चढवलं. वाळेपर्यंत काढायची नसते, तरच टोपी त्या डोक्याची होते. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. "भिजलेल्या कोंबड्यासारखे दिसताय अगदी!" म्हणाली आणि पोट धरून हसली.

बाकी सैनिकांच्या टोप्या झाडाझुडपांच्या रंगाच्या असतात, लपायला. मी शांतिसेनेची, म्हणून निळी, लांबून दिसायला.

आम्ही गेलो त्या मुलखात दोन वस्त्यांचं हाडवैर होतं आणि मधोमध एकच नळ. दोन्हीकडच्या बायकांना पाण्याला तिथंच यावं लागे. त्या भरत असताना तो आणि आणखी दोघं, असे आमचे तिघं मध्ये उभे राहायचे. तिघं तीन देशांचे, बोली वेगळ्या, टोप्या मात्र एका रंगाच्या. लोखंडी टोप बघून बायका बिचकायच्या, म्हणून नळावर तो मलाच घालायचा. साहेब रागवायचे, हा मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

त्या सकाळी गोळ्या सुटल्या. तिघांनी बायकांना भिंतीआड ढकललं. बायका सगळ्या वाचल्या. भिंतीपर्यंत पोचायचे राहिले ते हे तिघंच. गोळ्या कुठल्या बाजूच्या, ते आजवर कळलेलं नाही. मी चिखलात पडले होते. माझ्या जागी लोखंड असतं तर? हा विचार मला अजून सोडत नाही.

मग मी घरी आले, पुडक्यात बांधून. त्याच्या बायकोनं मला लेकीच्या झबल्यांमध्ये ठेवलं. बापानं न पाहिलेली लेक. रात्री तिला जरा ताप आला तरी आई घाबरीघुबरी व्हायची, आणि एका हातात मला घेऊन बसायची.

गावानं त्याचा सन्मान करायचं ठरवलं. शाळेच्या भिंतीवर पेंटरनं त्याचं नाव रंगवलं. खाली मोठ्या अक्षरांत, 'शत्रूशी लढताना वीरमरण'. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याची बायको बघायला गेली. कडेवर लेक, पिशवीत मी, बरोबर सासूबाई.

"दादा, हे पुसा."

"अहो ताई, उद्या कार्यक्रम! आणि वाईट काय लिहिलंय? मानाचंच आहे की."

"मानाचं आहे, पण खोटं आहे. त्यांना शत्रू नव्हता."

सासूबाई हळूच म्हणाल्या, "असू दे गं. लढला म्हटलं की लोकांना कळतं. नुसता उभा होता म्हटलं तर हसतील."

"आई, ही उद्या याच शाळेत येईल. पहिलं वाचेल ते हेच. आपला बाप कुणाला तरी मारायला गेला होता, असं वाटेल तिला. मी कितीदा सांगू, आणि माझं ऐकेल का ती? भिंतीवरचंच खरं मानेल."

सासूबाई पदरानं डोळे पुसून पेंटरला म्हणाल्या, "पूस रे बाबा. खरंय तिचं. आमच्या दोघींच्या भांडणातसुद्धा तो मध्ये उभा राहायचा. दोघींच्या शिव्या खायचा, पण बाजू कुणाची घेतली नाही."

सून रडता रडता हसली. पेंटर म्हणाला, "मग लिहू तरी काय?"

"बायका पाणी भरत होत्या, तेव्हा मध्ये उभे राहिले. सोबतच्या दोघांचीही नावं लिहा."

"असं लिहितात का कुठं, ताई?" तो पुटपुटला. पण जुन्या ओळीवर पांढरा रंग मारून लिहिलं त्यानं.

आता मी त्या भिंतीपाशी काचेच्या पेटीत असते. रंग विटलाय माझा. भिंतीचा वरचा पांढरा रंगही विरत चाललाय, आणि ऊन तिरपं झालं की खालून तो जुना 'शत्रू' हळूहळू वर येतो. लेक यंदा पहिलीत बसलीये. अक्षर अक्षर लावून वाचते.

मला काही हात नाहीत हो तो शब्द झाकायला. तुम्ही इथून जाल तेव्हा एवढं करा. घरी सांगा, शेजारी सांगा, की ते तिघं कुणाशीच लढले नाहीत. आणि ती पोरगी भिंतीसमोर उभी दिसली, तर आधी तिला सांगा.