चालायची पाळी

लाँड्रीत मला सगळ्या ‘तवा’ म्हणायच्या. कायम तापलेला. म्हणेनात का, गरीब गाय होऊन कुणाचं भलं झालंय?

आमच्याकडे दवाखान्यांच्या चादरी यायच्या. मशिनीतून निघाल्या की गरम, ताठ. तो साबणाचा वास अजून कुठे आला की माझे हात आपोआप पुढे होतात. चादरीची घडी दोघींनी घालायची. टोकं धरून ताणायची, मग एकीनं जागेवर उभं राहायचं आणि दुसरीनं चालत येऊन आपली टोकं तिच्या हातात द्यायची. एका चादरीला तू ये, पुढच्या चादरीला मी येते, असा तिथला रिवाज.

मी चालत नसे. “तूच मर इकडे,” म्हणून ओरडायची. सगळ्यांना वाटायचं, बया माजलीय. खरं म्हणजे माझा गुडघा गेला होता. माझ्याआधी एकीनं पाय दुखतो म्हटलं, तर मालकांनी तिला घरी बसवलं होतं. माझी तर चूल माझ्याच हातावर पेटायची. लंगडी म्हणून घरी बसण्यापेक्षा माजलेली म्हणून कामावर राहिलेलं बरं.

एके दिवशी माझ्या जोडीच्या नकटीनं चादर खाली टाकली आणि रडायलाच लागली. दोन लेकरांची आई, कधी कुणाला दुखवायची नाही. “हिच्यासोबत मी काम करणार नाही,” म्हणाली. मालक सगळ्यांदेखत मुकादमबाईंना म्हणाले, “शनिवारपर्यंत सुधारली तर ठीक. नाहीतर नारळ द्या हिला.”

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर येऊन मुकादमबाईंनी स्वतःच टोकं धरली आणि चालत आल्या. पुढच्या चादरीलाही त्याच आल्या. दिवसभर तेच. माझं डोकं फिरलं.

“तुम्हाला दुसरी कामं नाहीत वाटतं,” मी टोमणा मारला.

“आहेत की,” म्हणाल्या आणि पुन्हा चालत आल्या.

घडी जुळते तेव्हा दोघींचे चेहरे वीतभर अंतरावर येतात. मशिनींच्या घरघरीत तिथं बोललेलं तिसरीला ऐकू जात नाही. अशाच एका घडीला त्यांनी विचारलं, “डावा की उजवा?”

“डावा,” मी म्हणाले. “मालकांना सांगणार?”

“मी कशाला सांगू? पण बायकांना तू सांग. मी सांगितलं तर तो हुकूम होईल.”

“आणि कुणी चुगली केली तर?”

“आत्ता तरी कुठे त्या तुझे गोडवे गाताहेत?”

शनिवारी मालक दारात येऊन उभे राहिले. मुकादमबाईंनी मला नकटीसमोर उभं केलं. चालायची पाळी माझी. मी चालले. कळ थेट मस्तकात गेली, पण दात आवळून गेले, टोकं तिच्या हातात दिली आणि म्हणाले, “नकटे, मला चालवत नाही गं. म्हणून ओरडत होते. यापुढे तू येशील?”

मग तिनं नवी चादर उचलली, एक बाजू माझ्या हातात दिली, मागे सरकली आणि चालत आली. त्याच्या पुढच्या चादरीलाही तीच आली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत घडीघडीतून ती बातमी सगळ्या खोलीत फिरली होती.

“ही एवढ्यात सुधारली कशी?” मालकांनी विचारलं.

“सुधारतेय कसली,” नकटी म्हणाली, “आम्हालाच सवय झाली.”

एकीनंही तोंड उघडलं नाही. ती लाँड्री कधीच बंद पडली, नकटी लेकाकडे लांब गेली.

मुकादमबाई मात्र दोन गल्ल्या सोडून राहतात. परवा गेले तर दोरीवरची चादर काढत होत्या. मी एक बाजू धरली. आम्ही चादर ताणली आणि बाई जुन्या सवयीनं निघाल्या माझ्याकडे, भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल.

“गप उभ्या राहा तिथं,” मी खेकसले. “माझं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. आता कितीही चादरी काढा, मीच येणार.”

त्या थांबल्या. मी चालत गेले आणि टोकं त्यांच्या हातात दिली.