टेम्पोत बसून ट्रॅककडे

मी एक जुनी मोटारसायकल आहे. रंगाने लाल. म्हणजे टाकीचा वरचा भाग अजून लाल आहे; दोन्ही बाजूंचा रंग गुडघे घासून घासून केव्हाच उडाला. मित्रांनो, हल्लीच्या गाड्या बटण दाबलं की सुरू होतात. मला मात्र लाथ मारावी लागते, आणि तीही एकदा मारून भागत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. मारणारा माणूस आपला असला की लाथसुद्धा गोड लागते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून मी एका दुकानात आले आणि दर्शनी काचेमागे ऐटीत उभी राहिले. एके दिवशी त्या काचेला तडा गेला आणि ती बदलायला एक तरुण कारागीर आला. काच बसवायची सोडून तो माझ्याकडेच बघत राहिला. शेवटी दुकानदार म्हणाला, "अहो, काच तिकडे आहे!" पुढे काही महिन्यांनी तो पुन्हा आला, तो मला घरी न्यायलाच.

त्याची धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच त्याला दादा म्हणू लागली. मीही तेच म्हणते. बहिणीचं लाडाचं नाव चिमणी. लहानपणी ते शोभत असेल. आता ती चांगली धिप्पाड बाई आहे, लोकांचं घरसामान हलवण्याचा टेम्पो चालवते आणि कपाट एकटी उचलते.

माझ्या मागच्या बाजूला दादाने आतून लोकरीचा जाड नमदा लावलेली एक लाकडी पेटी बसवली होती. तिच्यात काचा उभ्या ठेवून आम्ही घरोघरी जायचो. तो मला इतक्या अलगद चालवायचा की मागे काच आहे हे काचेलाही कळत नसे. दादाचं लग्न झालं, परिचारिका असलेली वहिनी घरात आली, आणि सकाळी तिला दवाखान्यात सोडण्याचं कामही माझ्याकडेच आलं. "तुमची गाडी किती शहाणी आहे हो," असं ती म्हणायची. मी ते ऐकून उगाच जास्त धूर सोडायचे.

मग तो दिवस आला. पाऊस नुकताच थांबला होता. एका वळणावर कुठल्याशा ट्रकमधून तेल सांडलं होतं. ते ना दादाला दिसलं, ना मला. माझं मागचं चाक निसटलं आणि आम्ही दोघं घसरत थेट कठड्यापर्यंत गेलो. माझं हँडल वाकलं, दादाची मांडी मोडली.

हँडल सरळ झालं, हाडही जुळलं. पण दादा पुन्हा माझ्यावर बसला नाही. त्याने मला घरामागच्या पडवीत, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभं केलं. काचा तो हातगाडीवरून नेऊ लागला. माझ्या टायरमधली हवा हळूहळू गेली, साखळीला गंज चढला, सीटखाली उंदरांनी संसार थाटला. दादा रोज माझ्या शेजारून जायचा, पण मान वळवून जायचा. मित्रांनो, गंज सोसवतो. ही वळवलेली मान सोसवत नाही.

वर्षं अशीच गेली आणि एके दिवशी एक गिऱ्हाईक मला बघायला आलं. त्याला मी नको होते, माझे सुटे भाग हवे होते. "सांगतो," म्हणून दादाने त्याला वाटेला लावलं. संध्याकाळी चिमणी चहाला आली, तेव्हा खिडकीतून सगळं मला ऐकू येत होतं.

"दादा, वीक तुझी गाडी," ती म्हणाली. "पण आधी एकदा तिला ट्रॅकवर ने."

"कसल्या ट्रॅकवर?"

"शर्यतीच्या. तिथे मधून मधून खुला दिवस असतो. आपापली गाडी न्यायची आणि चालवायची. शर्यत नाही, काही नाही. समोरून कोणी येत नाही, ट्रक नाही, कुत्रं नाही. रस्त्यावर थेंबभर तेल सांडलं तरी माणसं झेंडे नाचवतात."

"आणि पडलं कोणी तर?" वहिनीने विचारलं.

"रुग्णवाहिका उभी असते की!"

"म्हणजे पडतातच ना!"

चिमणीने बिस्किट चहात बुडवलं आणि तेही आत पडलं. तेवढ्यात दादा हळूच म्हणाला, "आहे कुठे हा ट्रॅक?"

इतक्या वर्षांत त्याने मोटारसायकलीबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. वहिनीच्या ते लगेच लक्षात आलं. बोलताना तिचा सूरच बदलला.

"जायचंच असेल तर नीट जायचं," ती म्हणाली. "मी येणार. आणि सगळं मी ठरवणार."

मग काय विचारता! जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला आणि त्यावर बशा ठेवायची बंदी झाली. ट्रॅक पार दूर, एका उजाड पठाराच्या टोकाला होता. शेवटचं गाव मागे पडलं की पुढे ना पेट्रोल पंप, ना दुकान, ना फोनला रेंज. चिमणीचं म्हणणं, पहाटे निघून थेट पोहोचू. वहिनी म्हणाली, "आणि तुझा टेम्पो घाटात तापला तर? फाटक एकदा बंद झालं की ते कोणाला आत घेत नाहीत. आदल्या दिवशी जायचं, त्या गावात मुक्काम करायचा." तिने ट्रॅकच्या कचेरीत फोन करून इतके प्रश्न विचारले, की पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, तुम्ही गाडी चालवायला येताय की तपासणीला?"

दादाने मला खोललं. पहिल्यांदा पाना हातात घेतला तेव्हा तो माझ्यासमोर नुसताच बसून राहिला होता. मग त्याने एकेक भाग धुतला. तेल बदललं, नवी साखळी चढवली, नवे टायर बसवले, ब्रेक घट्ट केले, उंदरांना सन्मानाने बाहेर काढलं. ट्रॅकच्या नियमाप्रमाणे माझे आरसे उतरवले आणि दिव्यांवर चिकटपट्टी लावली. मला कान कापल्यासारखं आणि डोळे बांधल्यासारखं झालं, पण मी चकार शब्द काढला नाही. नावं मात्र चिमणीने दोघांची नोंदवली, दादाचं आणि स्वतःचं. "परवाना आहे माझ्याकडे," ती म्हणाली. सराव नव्हता, ते तिने सांगितलं नाही.

मित्रांनो, आयुष्यभर मी लोकांना वाहून नेलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणीतरी वाहून नेलं. टेम्पोत दोन गाद्यांच्या मध्ये, चारही बाजूंनी पट्ट्यांनी बांधलेली मी अशी ऐसपैस बसले होते की राणीने हेवा करावा. घाटात टेम्पो खरंच तापला. वहिनीने नुसतं चिमणीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेळेत फाटकावर होतो. एका उंच तपासनिसाने माझी चाकं हलवून पाहिली, ब्रेक दाबले, खाली वाकून कुठे तेल गळतंय का ते बघितलं. मग खूश होऊन म्हणाला, "जपलीय हो हिला!"

दादाने मान खाली घातली. वहिनी चटकन म्हणाली, "या महिन्यात फार जपलीय."

हळू चालवणाऱ्यांचा गट पुकारला गेला. दादा भाड्याच्या चामडी पोशाखात, पोट आत ओढून, माझ्यावर बसला. त्याने माझं हँडल घट्ट आवळून धरलं. हिरवा झेंडा हलला. सगळ्या गाड्या गेल्या. आम्ही तिथेच.

"पुढच्या वेळी जातो," तो म्हणाला. पुढच्या वेळीही तेच झालं. टेम्पोच्या सावलीत चटई टाकून वहिनीने उकडलेली अंडी आणि पाव बाहेर काढला. दादाने अंडं सोललं, पण खाल्लं नाही. "त्या गिऱ्हाइकाला निरोप देऊन टाकू," तो म्हणाला. "माझ्याच्याने नाही होत."

माझ्या टाकीतलं पेट्रोल गोठतंय की काय असं मला वाटलं.

चिमणी हात झटकत उठली. "मग मी एक चक्कर मारते. एवढ्या लांब आणलीय, तशीच कशी परत नेऊ?"

आणि ती निघाली. काय सांगू! टेम्पोच्या सवयीने तिचा हात गिअर शोधत गुडघ्याशी चाचपडत होता. माझा गिअर पायाशी! अख्खी चक्कर तिने मला पहिल्या गिअरमध्ये पळवली. मी घसा फोडून ओरडत होते. सगळा ट्रॅक हसत होता. फक्त एक माणूस कुंपणाच्या पलीकडून आमच्याबरोबर धावत होता.

"दुसरा टाक! अगं, दुसरा टाक! इंजिन जळेल तिचं!"

आम्ही परत येऊन थांबतो न थांबतो तोच दादा धावत आला. "उतर! आधी उतर खाली! जीव घेशील माझ्या गाडीचा!"

माझ्या गाडीचा. वहिनीने तोंडावर हात धरला. दादाने हेल्मेट चढवलं, लाथ मारली आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत तो ट्रॅकवर होता.

पहिलं वळण आलं आणि ते त्याला कळलं. त्याचं सगळं अंग ताठ झालं. आमच्या पुढे ट्रॅकवर शिकवणारा एक शिक्षक गाडी चालवत होता. त्याने मागे पाहिलं, हात उंचावला आणि वळण संपतं तिकडे बोट दाखवलं. खाली नको, लांब बघ. दादाने नजर उचलली. त्याच्या खांद्यांतली गाठ सुटली आणि मी कलले, हलकेच, पुरेशी. चाक निसटलं नाही. वळण मागे गेलं.

त्या दिवशी आमच्यापेक्षा हळू कोणीच नव्हतं. सगळे आम्हाला मागे टाकत होते, एक आजोबा तर जाता जाता टाटा करून गेले. पण हेल्मेटच्या आत दादा बेसूर गाऊ लागला होता, आणि शर्यत जिंकणाऱ्या गाडीशीही मी जागा बदलली नसती.

परतल्यावर वहिनीने आधी त्याचं मनगट धरलं. "नाडी फार पळतेय."

"पळू दे," दादा म्हणाला, आणि त्याने दोन अंडी एकदम तोंडात कोंबली.

चिमणीने ते मुद्दाम केलं का, हे मला आजही ठाऊक नाही. विचारलं की ती रागावते. "मला खरंच गिअर सापडला नाही," म्हणते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर तिच्याकडे मान वळवून जाऊ नका. चाकात हवा भरा, साखळीला तेल द्या, अधूनमधून सुरू करा. आणि घरात एखादं घाबरलेलं माणूस असेल, तर त्याला हसू नका आणि ढकलूही नका. त्याच्याबरोबर लांबपर्यंत जा आणि सावलीत चटई टाकून थांबा.

आता मला निघायला हवं. वहिनीची ड्युटी संपली आहे आणि दवाखान्यामागच्या मैदानात ती मला चालवायला शिकते आहे. पुढच्या खुल्या दिवसासाठी तिने स्वतःचं नाव दिलंय. ती क्लच असा सोडते की मी बेडकासारखी उडी मारते. दादा मागून धावत ओरडतो, "हळू सोड, हळू!" आणि ती म्हणते, "तुम्ही बाजूला व्हा, मी आणि गाडी बघून घेऊ."