खुर्चीतल्या माणसाला होच म्हणायचे

मित्रांनो, माझ्यात बसून तुमच्यापैकी कुणी ना कुणी नक्की रडले असेल. माझ्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची, तिच्यावर तुम्हाला बसवायचे, गळ्याभोवती पांढरे कापड गुंडाळायचे, आणि कात्री कानाजवळ आली रे आली की तुम्ही भोकाड पसरायचे. होय, मी सलूनमधली खुर्ची. सध्या भंगारवाल्याच्या आवारात एका मोडक्या फ्रिजला टेकून पडले आहे. माझी गोष्ट काही फार गोड नाही, पण ऐकून ठेवा.

माझा जन्म लोखंड ओतण्याच्या कारखान्यात झाला. तिथल्या कामगारांनी मला जाडजूड पाय दिले, तांबड्या चामड्याची गादी दिली, मान टेकायला उशी दिली. पोटात तेलाचा पंप बसवला आणि बाजूला पायाने दाबायचा दांडा. दांडा दाबत राहिले की मी थोडी थोडी वर चढते. पण तोच दांडा उचलून धरला की धपकन खाली येते. चढायला वेळ लागतो, उतरायला नाही. हे लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम आहे.

मला विकत घेतले ते होजींनी. त्यांचे खरे नाव दुकानाच्या पाटीवरसुद्धा नव्हते. गिऱ्हाईक काहीही बोलले तरी ते "हो जी" म्हणत, म्हणून सगळी गल्ली त्यांना होजी म्हणायची. उन्हाळा वाढलाय? हो जी. थंडी वाढलीय? हो जी. ही त्यांच्या उस्तादांची शिकवण होती. "खुर्चीतल्या माणसाशी कधी वाद घालू नकोस," उस्ताद सांगत. "त्याची मान आपल्या हातात असते. निदान मत तरी त्याचं त्याला असू दे!" होजींनी हे वाक्य जन्मभर पाळले. वस्तरा गळ्याशी असताना हो म्हणणारा माणूसच बरा वाटतो, त्यामुळे दुकान छान चालले.

आणखी एक नेम होता. कामाच्या खुर्चीत कारागिराने बसायचे नाही, बसला की हात आळशी होतो, अशी त्यांची समजूत. दुपारी दुकानात चिटपाखरू नसले तरी ते भिंतीकडेच्या बाकावर टेकत. रोज सकाळी माझे चामडे तेलाच्या बोटाने पुसत, पण माझ्यात एकदाही बसले नाहीत. त्यांचे वजन किती, हे मला ठाऊकच नव्हते.

अशी वर्षे गेली. मग एके दिवशी दाढी करता करता त्यांनी आपले मनगट माझ्या मानेच्या उशीवर टेकवले. मला बारीकशी थरथर जाणवली. त्यांच्या बायकोच्याही आधी ती मला कळली. पुढे मनगट टेकवणे रोजचेच झाले. एकदा दुकान बंद करताना ते बायकोला, म्हणजे आमच्या मालकीणबाईंना, म्हणाले, "अगं, कुणाला लागायच्या आत वस्तरा खाली ठेवायला हवा. एवढं एक वर्ष काढू, मग बास."

पण बास म्हणायला पोटापाण्याची सोय लागते. न्हाव्याला पेन्शन कोण देणार? या दोघांनी दर महिन्याला पोटाला चिमटा घेऊन एका फंडात पैसे टाकले होते. त्या फंडात दोन कप्पे होते. एक सुरक्षित: त्यात पैसे हळूहळू, गोगलगाईसारखे वाढत. दुसरा शेअर्सचा: म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांतले छोटे वाटे. कंपन्या चालल्या तर पैसा भराभर वाढतो, बाजार आपटला तर तोही आपटतो. होजींचे सगळे पैसे शेअर्सच्या कप्प्यात होते. ते तिथे कसे गेले, हेही सांगते.

शेजारच्या कापड दुकानाचे शेठ रोज सकाळी दाढीला यायचे. भिंतीवरच्या टीव्हीत शेअर्सचे आकडे पळत असायचे, आणि शेठ फेस लावलेल्या तोंडाने म्हणायचे, "होजी, पैसा झोपवून ठेवायचा नसतो. सगळा शेअर्समध्ये टाका." होजी म्हणायचे, "हो जी." आणि हो म्हटले की करायचेच, असा त्यांचा स्वभाव. खोटे हो त्यांना जमत नसे. खरे सांगायचे तर पैसा वाढलाही. मालकीणबाईंनी त्या वर्षी नवा चष्मा केला.

मग टीव्हीवरची माणसे मंदी, मंदी असे घोकू लागली. कारखाने माल कमी काढताहेत, लोकांच्या नोकऱ्या जाताहेत, बाजार कधीही कोसळेल. त्याच सुमारास बँकेतून निवृत्त झालेले भाऊ केस कापायला आले. मोजके बोलणारा माणूस. त्यांनी आरशातून होजींच्या मनगटाकडे पाहिले.

"होजी, काम कधी थांबवणार?"

"वर्षभरात, भाऊ."

"मग पैसे सुरक्षित कप्प्यात हलवा. बाजार पडेल की नाही, ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं. पण पडला तर वर यायला काही वर्षं जातात. तरुण माणूस थांबू शकतो. तुम्हाला कुठं थांबता येणारे?"

"बरोबर आहे, भाऊ. हलवतो."

माझा पंप गार पडला इतके बरे वाटले. चढायला वेळ आणि उतरायला धपकन, हे माझ्याइतके कुणाला कळणार? मालकीणबाईंनी तर फंडाच्या कचेरीत कधी जायचे तेही ठरवून टाकले.

पण मित्रांनो, दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ दाढीला आले.

"काय ऐकतोय मी? पैसे काढताय? अहो, ही मंदीची ओरड मी मिसरूड फुटल्यापासून ऐकतोय. आत्ता काढाल तर नंतर कपाळावर हात मारून घ्याल. काढणार नाही ना?"

"नाही, शेठ."

गोची कुठे झाली, कळले का? भाऊंचे केस महिन्यातून एकदा वाढत. शेठची दाढी रोज वाढत होती. महिन्यातून एकदा होजींचे पाऊल कचेरीकडे वळायचे, आणि उजाडले की शेठ ते मागे ओढायचे. मालकीणबाई एकदा चिडून म्हणाल्या, "अहो, पैसे आपले आहेत की त्यांच्या दाढीचे?" होजी हसले. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात नक्की जातो." मला तोंड असते तर मी ओरडले असते.

बाजार कोसळला तो एका सकाळी, दुकान उघडल्या उघडल्या. शेठ माझ्यात बसलेले, गालांवर फेस, होजींच्या हातात वस्तरा. टीव्हीवर सगळे आकडे लाल. होजी टीव्हीकडे बघत उभेच राहिले.

"बघा," शेठ म्हणाले. "मला वास आलाच होता. मी माझं मागच्याच आठवड्यात काढून घेतलं. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं."

होजींचे मनगट माझ्या उशीवर टेकले. इतके थरथरत होते की माझे स्क्रू वाजू लागले. वस्तरा शेठच्या गळ्याजवळ होता आणि मी घाबरले, खरेच घाबरले. होजींनी डोळे मिटले, उघडले, आणि शेठची हनुवटी हलकेच वर उचलली.

"बरोबर केलंत, शेठ," ते म्हणाले.

त्यांनी ती दाढी पूर्ण केली. एक ओरखडा उठू दिला नाही. तुरटी फिरवली, कापड झटकले, पैसे घेतले. दुपारी मालकीणबाईंनी विचारले, "आणि तुम्ही त्याला एक शब्द बोलला नाहीत?" होजी बाकावर बसून म्हणाले, "खुर्चीत होता ना तो."

वर्ष संपले आणि वस्तरा खाली ठेवता आला नाही. उरलेल्या पैशांत दोघांचे औषधपाणी निघाले नसते. बाजार वर येईल म्हणत होजी थांबले, त्यांच्या हाताची थरथर मात्र थांबायला तयार नव्हती. एकदा भाऊंच्या कानाच्या पाळीला कात्री लागली. पांढऱ्या कापडावर रक्त ओघळले. भाऊ म्हणाले, "अहो, काही नाही, चालायचंच." पुढच्या महिन्यात ते आले तेव्हा त्यांचे केस कापलेले होते, दुसरीकडे कुठेतरी. तरी बाकावर बसून हवापाण्याच्या गप्पा मारून गेले. होजींकडे त्यांनी नीट पाहिले नाही, होजींनीही त्यांच्याकडे पाहिले नाही. आयांनी मुलांना आणणे आधीच बंद केले होते. शेठ तर घरीच दाढी करू लागले. माझी फळी कोपऱ्यात धूळ खात उभी राहिली.

शेवटी दुकान गेले. भंगारवाल्याची गाडी यायची होती त्या दुपारी होजींनी माझे चामडे नेहमीसारखे पुसले. मग थोडा वेळ माझा हात धरून उभे राहिले, आणि माझ्यात बसले. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी मोठमोठी माणसे पेलली आहेत. पण हे वजन एखाद्या शाळकरी पोराचे होते. माझा पंप हललासुद्धा नाही.

मालकीणबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी कापड उचलून होजींच्या गळ्याभोवती बांधले. होजींनी आरशात बघत विचारले, "अगं, माझं एवढं काय चुकलं? सगळ्यांचेच बुडाले ना?"

त्या आयुष्यभर त्यांना खडसावत आल्या होत्या. त्यांच्याजवळ उत्तर होते, मला ठाऊक आहे. त्यांचे ओठ हललेही. मग त्यांनी होजींच्या विरळ केसांतून कंगवा फिरवला.

"हो," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं."

होजींनी आरशात त्यांच्याकडे पाहिले. तो हो कसला होता, हे होजींइतके कोण ओळखणार? त्यांनी मान खाली घातली, आणि त्या केस विंचरत राहिल्या.

मित्रांनो, माझे चामडे जपा असे मी सांगणार नाही, आता ते उंदरांचे झाले आहे. माझे मागणे दुसरेच आहे. तुम्ही मोठे व्हाल, खुर्च्यांत बसाल, लोकांना सल्ले द्याल. आपले केस कापणाऱ्याला, आपले सामान उचलणाऱ्याला, आपले ऐकून घेणे हेच ज्याचे पोट आहे त्याला काही सांगावेसे वाटले, तर आधी खुर्चीतून उठा. गळ्याचे कापड काढा आणि त्याच्यासमोर उभे राहून विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" मग तो बोलेपर्यंत थांबा. होजींना हे कुणीच विचारले नाही. मी विचारले असते, पण मला उठता येत नव्हते.